पहिला मेलेला माणूस उठत का नाही

माझ्या पुतणीचा सिनेमा आता मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येतो, आणि फुकट बघणारे लोक फार बारकाईनं बघतात, हे मला या वयात कळलं. सिनेमाखाली लोकांनी जे लिहिलेलं असतं ते मी रोज सकाळी दुकान उघडून, पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत वाचत बसतो. 'लई भारी' असतं, 'हसून हसून पोट दुखलं' असतं, 'आवाज नीट येत नाही' असंही असतं. पण एक प्रश्न दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच. मेलेली माणसं उठतात आणि गावात हिंडतात असा हा सिनेमा. मग अगदी सुरुवातीला जो मेलेला माणूस दाखवलाय, तो उठत का नाही? एकाचं म्हणणं, दिग्दर्शिका त्याला विसरली. दुसऱ्याचं म्हणणं, तो म्हातारा नट मधेच काम सोडून पळाला असणार.

तो म्हातारा नट म्हणजे मी. खरं तर पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे, पण तोंडाला राख फासली की कुणीही म्हातारा दिसतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. धारूरच्या बाजारात माझं किराण्याचं दुकान आहे. गुडघे दोन्ही कुरकुरतात. अभिनयाचा अनुभव म्हणाल तर बायको बोलत असताना ऐकतोय असं दाखवणं, एवढाच.

मध्यंतरी पुतणीनं एक लेख पाठवला. शहरात सिनेमाचं शिक्षण घेणाऱ्या कुणा मुलानं फक्त आमच्या सुरुवातीच्या प्रसंगावर तो लिहिला होता. मी दुपारी तराजूपाशी बसून, चष्मा पुसून, सगळा वाचला. माझ्या हालचाल न करण्याला त्यानं 'देहाची विलक्षण शिस्त' म्हटलं होतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, हे त्याला कोण सांगणार? पण पोरगं हुशार आहे. जिथं थांबायला पाहिजे तिथं तो थांबलाय, फक्त कारणं त्यानं स्वतःची घातलीत. म्हणून वाटलं, आपणही एकदा तो प्रसंग उलगडून सांगावा. त्या खड्ड्यात बसलेल्या माणसाशिवाय दुसरं कोण सांगणार?

प्रसंग एवढाच आहे. आधी डोंगराची कड दिसते, ऊन दिसतं, शेताच्या कोपऱ्यात दगडांचे ओटे दिसतात. मग आपण एकदम जमिनीच्या खाली असतो. मातीच्या भिंतीत एक कोनाडा, आणि त्यात मांडी घालून, डोळे मिटून बसलेला एक माणूस. कपाळाला विभूती, अंगावर पांढरा सदरा, वर उपरणं. नाकावर एक माशी. कॅमेरा त्याच्याकडं बघत राहतो, आपल्याला वाटतं आता उठेल, आता उठेल. तो उठत नाही. पडदा काळा होतो. काळ्या पडद्यावर माती पडत असल्याचा आवाज येत राहतो, बराच वेळ. मग सिनेमाचं नाव येतं, आणि तिथून पुढं सगळा हसण्याचा कारभार.

त्या विद्यार्थ्याचं पहिलं कौतुक असं की, भुताखेताचा सिनेमा भर दुपारी सुरू करायला धाडस लागतं. धाडस कसलं. जनरेटर भाड्यानं आणायची ऐपत नव्हती, म्हणून आमची भुतं दुपारची. तसंही आमच्या डोंगराकडेला दुपार काही कमी भीतीची नसते. उन्हात रस्ता पांढरा पडतो, कुत्रीसुद्धा सावली धरून गप असतात, आणि लांबून कुणी येत असलं की ते येतंय का जातंय हेच कळत नाही.

त्याचं दुसरं कौतुक कॅमेऱ्याचं. त्याच्या मते आजवर सगळ्यांनी मेलेली माणसं वरून दाखवली, खाली माती, मातीतून हात. इथं मात्र दिग्दर्शिकेनं कॅमेरा मेलेल्याच्या समोर, त्याच्या पातळीवर नेऊन ठेवला. हे खरं आहे. पण तो निर्णय दिग्दर्शिकेचा नव्हता, माझ्या चुलत भावाचा होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, मातीत बसवतात. खड्डा खोल खणतात आणि त्याच्या एका अंगाला, तळाशी, माणूस मांडी घालून बसेल एवढा कोनाडा कोरतात. त्यात बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, बेल वाहायचा. आणि त्याचं इष्टलिंग, म्हणजे पूजेचं लहान लिंग, जे त्यानं जन्मभर गळ्यात घातलं, ते त्याच्या तळहातावर ठेवायचं. लिंग जिवंतपणी अंगावरून उतरत नाही आणि मेल्यावर माणसाबरोबरच मातीत जातं. मग खड्डा बुजवतात.

पुतणीनं चुलत भावाला सांगितलं होतं, एक मेलेला माणूस उठून बाहेर येईल असा खड्डा खणून द्या, कुठंही चालेल. मोटारसायकलवरून आम्ही शेतात पोहोचेपर्यंत त्यानं आणि भावकीतल्या दोघांनी काम पुरं केलं होतं. पुतणी कडेला जाऊन खाली बघते तर खड्डा रिकामा. मेलेला माणूस भिंतीतल्या कोनाड्यात बसणार, वरून कॅमेऱ्याला त्याचा गुडघासुद्धा दिसणार नाही. ती डोक्याला हात लावून म्हणाली की उताणा झोपवायचाय, वरून दिसला पाहिजे. चुलत भावाला ते पटेना. आजवर जेवढे खणले तेवढे असेच खणले, मेल्याला कुणी उताणं टाकतं का, असं त्याचं म्हणणं.

'पण काका, हा उठणार हाय,' ती म्हणाली.

चुलत भावानं कुदळीवर हात ठेवून जरा विचार केला. 'आमी बसवल्यालं अजून तरी कुणी उठलं न्हाई,' तो म्हणाला, आणि त्यात कामाचा थोडा अभिमानही होता.

म्हणून कॅमेरा खाली उतरला.

खड्ड्याच्या जागेबद्दल त्या विद्यार्थ्यानं काहीच लिहिलेलं नाही. त्याला ते माहीत असायचं कारण नाही. ते दगडांचे ओटे आमच्या आज्याच्या आणि वडिलांच्या समाध्या आहेत. वडिलांच्या शेजारची जागा मोकळी होती. ती थोरल्या भावाची. असं कुणी बोलून ठरवलेलं नसतं, पण असतंच. चुलत भाऊ म्हणाला, बाकी सगळा मुरूम हाय, माती तेवढीच हाय. तेही खरंच होतं.

थोरला भाऊ साथीच्या दुसऱ्या वर्षी गेला. पुतणीचा बाप, ती त्याला आप्पा म्हणायची. दुकानात तो गादीवर आणि मी तराजूपाशी, अशी आमची वाटणी. बोलायचं काम त्याचं, वजनाचं माझं. दुपारी दुकान अर्धं ओढून घेऊन बाप-लेक घरी टीव्हीवर भुताचे सिनेमे बघायचे. भीतीसाठी नाही, भाऊ भुतांना हसायचा. दार करकरलं, पांढरं काही आत आलं, की हा मोठ्यानं म्हणायचा, 'आल्या माणसाला आदी चहा विचारा बे.' पुतणी तेव्हा लहान होती, ती हसून लोळायची. सिनेमातली मेलेली माणसं कुणाचा मेंदू वगैरे खात नाहीत, दारोदार जाऊन चहा मागतात, आणि समोरचा मेलेला आहे हे दिसत असूनही लोकांना नाही म्हणता येत नाही, आणि जो चहा पाजतो तोही त्यांच्यातला होतो. ही कल्पना तिला कुठून सुचली, असं त्या विद्यार्थ्यानं विचारलंय. अशी सुचली.

भाऊ गेला तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे होतो. त्या दिवसांत नियमच तसा होता. आतली माणसं वाईट नव्हती, दमलेली होती. मी त्यांतल्या एकाला म्हणालो, आमच्यात जाळत नाहीत, बसवतात. त्यानं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाकडं गेला. दुसरं काय करणार. भावाला इतरांबरोबर जाळलं. आमच्या हातात एक पिशवी आली. घड्याळ, मोबाइल, चष्मा, आणि चांदीच्या डबीतलं त्याचं लिंग. दोरा कापलेला होता.

घरी आलो तर आई दारात बसलेली. तिनं एकच विचारलं, बसवलं का? मी म्हणालो, न्हाई, आई. तिनं पिशवी घेतली आणि आत गेली.  तेव्हापासून रोज सकाळी पूजेला बसली की तळहातावर आधी स्वतःचं लिंग घ्यायची, मग त्याचं. आमच्या गल्लीतले स्वामी, आमच्यातले पुरोहित, एक-दोनदा म्हणाले की हे घरात ठेवायचं नसतं, त्याची सोय लावू. आई म्हणायची, बघू.

आणि माझं काय, तर मला दुपारी भाऊ दिसायचा.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. किराणा दुकानदाराला भास होतात असं बाजारात पसरलं तर लोक वजनावरही विश्वास ठेवणार नाहीत. गिऱ्हाईक नसायचं, रस्त्यावर ऊन असायचं, मी मान खाली घालून काहीतरी करत असायचो, आणि उंबऱ्यावर सावली पडायची. मान वर केली की क्षणभर तो असायचा. आत यायचा नाही. गादी मी मोकळीच ठेवली होती, पण बसायचा नाही. नुसता उभा. मग कुणीतरी गिऱ्हाईक पुढं होऊन साखर मागायचं.

तर अशा मला पुतणीनं मेलेल्याचं काम दिलं. ती आणि तिची मैत्रीण पुण्याहून आल्या होत्या, बाकीचा सिनेमा आधीच घेऊन झाला होता, कॅमेरा मैत्रिणीनं कुणाकडून तरी मागून आणला होता आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचा होता. बायकोला हे बिलकूल पसंत नव्हतं. जित्या माणसानं विभूती लावून खड्ड्यात बसणं तिला शुभ वाटेना, आणि मेलेल्याचं काम करायला तुम्हाला वेगळं काय करावं लागणार, असंही ती म्हणाली. पुतणीनं पेटीतून बापाचा सदरा काढला. पोटावरची बटणं लागेनात, म्हणून वरून उपरणं. त्या विद्यार्थ्याला त्या उपरण्यातही काही अर्थ दिसलाय.

मला शिडीनं खाली उतरवलं, कोनाड्यात बसवलं. मैत्रिणीनं समोर कॅमेरा लावला, तो चालू केला आणि ती वर गेली, कारण खाली तिघांना जागा नव्हती आणि तिची सावली पडत होती. मला सांगितलं होतं की पुतणी हाक मारेपर्यंत हलायचं नाही. हाक आली की डोळे उघडायचे, बाहेर यायचं आणि म्हणायचं, 'चहा हाय का?' एवढं एकच वाक्य. दुकानात मी ते गिऱ्हाइकांवर म्हणून बघितलं होतं.

डोळे मिटले. वर टळटळीत ऊन, आणि आत मातीचा गारवा अंगाला लागत होता. कापलेल्या मुळ्यांचा ओला वास होता. वरची बोलणी दुसऱ्याच कुणाच्या घरातून आल्यासारखी येत होती. माझ्या उजव्या अंगाला, भिंतीपलीकडं थोड्या मातीनंतर, वडील बसलेले होते, हे मला माहीत होतं. आणि असं वाटलं की ही जागा माझ्या मापाची नाही. मी दुसऱ्याच्या ताटावर बसलोय, आणि तो बाहेर उन्हात उभा आहे, माझं आटोपण्याची वाट बघत.

'काका, उठा,' वरून आवाज आला.

डोळे मी उघडले नाहीत. पाय जागचे हलत नव्हते, मुंग्या पार कमरेपर्यंत चढल्या होत्या. माशी नाकावर आली. ती नाकाच्या शेंड्यापासून भुवईपर्यंत सावकाश फिरून आली. मग पुन्हा हाक आली, आवाज मघापेक्षा लहान.

'आप्पा, उठा.'

वर कुणी हसलं नाही. कुणी तिला चूक दाखवली नाही. मी तसाच बसून राहिलो. मग ती 'कट' म्हणाली, पेटीचं झाकण लावावं तसं.

मला बाहेर काढायला चादर आणि तिघंजण लागले. तेव्हा मात्र सगळे पोटभर हसले, मीसुद्धा. उठण्याचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यायचा ठरलं, मग कॅमेरा परत जाणार होता. खड्ड्यावर पत्रा टाकून आम्ही घरी आलो.

जेवताना आईनं विचारलं, खड्डा कुठं खांदलाय. मी सांगितलं. आत्ता आत कोण हाय, तिनं विचारलं. कुणी नाही, म्हणालो. मग उघडा कसा ठिवला, ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता ताट घेऊन उठली. माणसासाठी खणलेला खड्डा रिकामा ठेवत नाहीत आणि रिकामा बुजवतही नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. सिनेमाच्या नादात सगळ्यांना विसर पडला होता.

सकाळी आम्ही निघायच्या आधी आई अंघोळ करून, वहाणा घालून ओसरीवर बसलेली. पदराखाली काहीतरी धरलेलं. शेजारी स्वामी. रिक्षातून त्यांना शेतात आणलं. पत्रा बाजूला केला होता, मैत्रीण कॅमेरा खाली लावत होती, मी उपरणं सारखं करत होतो. आई कडेला आली, आत बघितलं, मग पुतणीला जवळ बोलावलं.

'तुज्या शिनेमात ह्यो बसलाय त्यो कोण हाय?'

'काका हाय की, आज्जी. काम करतोय.'

'काका मला दिसतोय. बसलाय कोण, ते इचारते.'

पुतणी खाली बघत राहिली. चपलेनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, 'आप्पा.'

'मग उठवतीस कावून?'

पुतणीनं सांगायचा प्रयत्न केला. हा पहिला मेलेला आहे, हा उठल्याशिवाय सिनेमा सुरूच होत नाही, कॅमेरा आजच परत जायचाय, पुन्हा मिळणार नाही. तिचं सगळं वर्ष त्या सिनेमात गेलं होतं, आणि त्याचं दार म्हणजे हा प्रसंग. आईनं सगळं ऐकून घेतलं.

'बाकीचे उटू दे की. गावात मेल्यांची काय कमी हाय? ह्याला बसू दे, बाई. लई दिस झाले, उभाच हाय त्यो.'

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला तो कुठं दिसायचा, देवघराच्या दारात की चुलीपाशी, ते मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

पुतणी मातीच्या ढिगावर जाऊन बसली. मैत्रीण खालून विचारत होती, सुरू करायचं का, ऊन चढतंय. चुलत भावानं उगीच कुदळीची माती झाडली. मला वाटलं आता ही रडेल किंवा चिडेल, आणि दोन्हीसाठी काय बोलायचं ते मी जुळवत होतो. ती उठली, स्वतः शिडीनं खाली उतरली, कॅमेरा काढून मैत्रिणीच्या हातात दिला आणि तिला वर पाठवलं. मग खालूनच आज्जीकडं हात केला.

आमच्यात समाधीत बायका उतरत नाहीत. चुलत भावानं तोंड उघडलं, स्वामींकडं बघितलं, आणि मिटलं. स्वामी मंत्र म्हणू लागले होते. आईनं पदराखालची डबी दिली. तिला नवा दोरा ओवलेला होता. पुतणीनं कोनाड्यात विभूती पसरली, बेल ठेवला, त्यावर तिच्या बापाचं लिंग. त्यानंतर काय झालं ते मी नीट बघितलं नाही. ती वर आली तेव्हा तिच्या तळहातांना विभूती होती आणि एक पट्टा कपाळावर ओढला गेला होता.

आईनं पहिली मूठ टाकली. मग पुतणीनं, मग मी. मग फावडी.

कॅमेरा बंद होता. पण आवाज टिपायचं छोटं यंत्र मैत्रिणीनं ढिगाशेजारी दगडावर ठेवलेलं होतं, ते चालूच राहिलं. विसरून राहिलं की कुणी राहू दिलं, हे मला माहीत नाही. काळ्या पडद्यावर जो आवाज येतो तो हा. त्या विद्यार्थ्यानं लिहिलंय की पैशांअभावी दिग्दर्शिकेनं अंधाराचा चतुर वापर केला, मात्र आवाज गरजेपेक्षा लांबला. खड्डा भरायला तेवढाच वेळ लागतो.

सिनेमा पुरा झाल्यावर पुतणीनं घरीच टीव्हीवर लावला. भावकी जमली होती. कोनाड्यात मी दिसलो तेव्हा पोरं खिदळली, माशीला तर टाळ्या पडल्या. पडदा काळा झाला तशी आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मातीचा आवाज थांबेपर्यंत हात जोडून बसली. पुतणी दाराला टेकून आज्जीकडंच बघत होती. मग पुढच्याच प्रसंगात, जो त्याच दिवशी कॅमेरा परत जायच्या आधी घेतला होता, चुलत भाऊ बांधामागून धोतर झटकत उठतो आणि मला दिलेलं वाक्य म्हणतो, 'चहा हाय का?' सगळे हसले. आईही हसली. म्हणाली, कामं त्यालाच देत जा, त्याला उटता तरी येतं.

आता ती सकाळी तळहातावर एकच लिंग घेते. लवकर आटोपतं.

त्या दिवशीचं कच्चं चित्रीकरण पुतणीनं माझ्या मोबाइलवर टाकून दिलंय. सिनेमात हाका काढून टाकल्यात, यात त्या आहेत. दोन्ही. पहिल्या हाकेच्या वेळी पाय खरोखरच गेलेले होते. दुसऱ्या हाकेपर्यंत मुंग्या उतरल्या होत्या, नीट बघितलं तर माझा अंगठा हललेला दिसतो. धडपडत का होईना, उठता आलं असतं. पण तिनं हाक ज्याला मारली होती, त्याच्या सदऱ्यात मी नुसता बसलेलो होतो. काका म्हणून उठलो असतो तर तिनं काय केलं असतं? लोकांना काय लिहायचं ते लिहू देत. उत्तर म्हणून मी दोन-तीनदा टाइप केलं आणि खोडलं.

दुपारी दुकानात आता नुसतं ऊन असतं. उंबऱ्यावर सावली पडते, मी मान वर करतो, आणि गिऱ्हाईकच असतं. पहिल्या नजरेपासून गिऱ्हाईकच. हे चांगलं झालं असं मी स्वतःला समजावतो, आणि तरी गादी अजून मोकळी ठेवली आहे. सावली पडली की मान वर करण्याआधीच मी चहा विचारून टाकतो. लोक म्हणतात, सिनेमात काम केल्यापासून दुकानदार लई मोकळा झालाय.